लैंगिक कलाचे प्रकटीकरण

समलिंगी, उभयलिंगी वा पारलिंगी व्यक्तीने आपला लैंगिक कल अथवा लिंगभाव ओळखून तो कुटुंबीय, मित्र वा समाज यांच्यापुढे स्वेच्छेने उघड करणे. ‘कमिंग आउट’ या इंग्रजी नावानेही ही प्रक्रिया परिचित आहे. कोणत्या लिंगाच्या व्यक्तीविषयी आकर्षण वाटते, यावरून लैंगिक कल ठरतो. व्यक्ती स्वतःला स्त्री, पुरुष वा अन्य काय मानते, तो तिचा लिंगभाव होय. भिन्नलिंगी कल सर्वत्र गृहीत धरला जात असल्याने तो कोणास सांगावा लागत नाही. समलिंगी व्यक्तीच्या मौनाचाही तोच अर्थ लावला जातो. त्यामुळे प्रकटीकरण ही एकदाच घडणारी घटना नसून नवे गाव, नवा मित्र, नवी नोकरी अशा प्रत्येक प्रसंगी पुन्हा घ्यावा लागणारा निर्णय असतो.

जर्मन कायदेपंडित कार्ल हाइन्‍रिख उल्‍रिक्स यांनी १८६२ मध्ये आपल्या नातलगांना पत्रांद्वारे स्वतःच्या कलाची माहिती दिली आणि १८६७ मध्ये म्यूनिक येथील विधिज्ञांच्या परिषदेत या विषयावर जाहीर भाषण केले. ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ व्हिव्हियन कॅस यांनी १९७९ मध्ये स्व-ओळखीच्या सहा अवस्था मांडल्या. संभ्रमापासून सुरू होणारी ही वाटचाल तुलना, सहन करणे, स्वीकार व अभिमान यांतून समन्वयापर्यंत जाते. प्रत्येक व्यक्ती याच क्रमाने जाते असे नाही. तथापि इतरांना सांगण्यापूर्वी स्वतःशी मान्य करण्याचा दीर्घ काळ असतो, हे त्यावरून स्पष्ट होते. मुलाने ज्या गोष्टीसाठी अनेक वर्षे घेतली, ती आईवडिलांसमोर एका संध्याकाळी येते. ऐकणाऱ्यांचा पहिला उद्‌गार हा अखेरचा निर्णय समजू नये, याचे कारण हेच.

बहुधा प्रथम मित्र वा भावंड, नंतर आई व शेवटी वडील असा क्रम आढळतो. मराठी नाटकात याचे महत्त्वाचे चित्रण विजय तेंडुलकर यांच्या मित्राची गोष्ट (१९८१) या नाटकात झाले. त्यातील महाविद्यालयीन तरुणी मित्रा आपले मन घरी नव्हे, तर बापू या मित्रापुढे मोकळे करते. नाटकाचा शेवट तिच्या आत्महत्येत होतो.

महाराष्ट्रात या विषयास संघटित आधार प्रथम शहरांत मिळाला. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत बॉम्बे दोस्त हे नियतकालिक सुरू केले. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला व मराठीतून या विषयावर विपुल लेखन केले. या दोन शहरांना जोडणाऱ्या जुन्या महामार्गावर खालापूर तालुक्यातील चौक हे गाव आहे. अशा गावातील तरुणाला दोन्ही शहरे जवळ असली, तरी तेथील समुपदेशक व मित्रमंडळे यांचा उपयोग घरी कारण सांगितल्याविना होणे कठीण असते. शहरात अनोळखीपण हे संरक्षण ठरते. गावात सर्व एकमेकांस ओळखतात व एकास सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या आधी घरी पोहोचू शकते. म्हणूनच दुसऱ्याचे गुपित त्याच्या संमतीविना फोडणे हा या संदर्भात गंभीर अपराध मानला जातो. शिक्षण, निवारा व खर्च यांसाठी घरावर अवलंबून असलेल्या तरुणाने सांगणे लांबणीवर टाकले, तर तो भित्रेपणा नसून विवेक असू शकतो.

मौनाची किंमत मात्र अनेकदा विवाहाच्या वेळी द्यावी लागते. ‘लग्न झाले की सर्व ठीक होईल’ या समजुतीने लावलेल्या विवाहात कल बदलत नाही. ज्या स्त्रीला वा पुरुषाला काहीच सांगितलेले नसते, त्यांचे आयुष्यही त्यात ओढले जाते. अमेरिकेतील मनोविकारतज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये व जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलिंगी कलाला विकारांच्या यादीतून वगळले. कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले.

मुलाने सांगितल्यावर प्रकटीकरणाचा प्रश्न आईवडिलांपुढेही उभा राहतो : आता नातलगांना काय सांगावे? या प्रश्नाला जाहीर उत्तर देणाऱ्यांत रंगकर्मी चित्रा पालेकर यांचा उल्लेख करावा लागेल. समलिंगी कन्येची माता म्हणून त्यांनी सार्वजनिक व्यासपीठांवरून भूमिका मांडली आणि अन्य पालकांसह सर्वोच्च न्यायालयापुढे बाजू मांडण्यात भाग घेतला. अमेरिकेत १९७३ मध्ये जीन मॅनफर्ड या मातेच्या पुढाकाराने पालकांचा गट सुरू झाला होता. मुंबईत २०१७ मध्ये ‘स्वीकार’ हा पालकांचा गट उभा राहिला. ज्यांनी तो धक्का स्वतः पचविला आहे, अशा पालकांचे शब्द नव्या पालकांना सहज पटतात, हे अशा गटांचे बळ होय.

भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मुळे प्रौढांचे खासगी संमतीचे समलिंगी संबंधही गुन्हा ठरत. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते त्यातून मुक्त केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय रद्द केला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने असे संबंध पुन्हा गुन्हामुक्त केले. विवाहाचा हक्क मात्र २०२३ च्या निर्णयात मान्य झाला नाही. कायद्याने भयाचे एक कारण दूर केले. घरातील भय दूर करणे हे कुटुंबाच्याच हाती राहते. सांगावे की न सांगावे, केव्हा व कोणास, हा निर्णय सर्वस्वी त्या व्यक्तीचा असतो. ऐकणाऱ्याने सल्ल्याची घाई न करता ऐकून घेणे, गुप्तता पाळणे आणि नाते तुटणार नाही याची ग्वाही देणे, एवढ्यावर पुष्कळदा त्या तरुणाचे पुढील जीवन अवलंबून असते.