तुमच्या पोथीचा कर्ता कोण?

मैत्रिणींनो, तुमच्या देवघरात लाल कापडात गुंडाळलेली 'श्रीगजानन विजय' ही पोथी आहे ना? तुमच्याकडे नसली तर शेजारणीकडे नक्की असेल. गुरुवारी, एकादशीला, प्रकटदिनाला ती उघडते, अध्याय वाचून होतात, पुन्हा फडक्यात बांधली जाते. पण ही पोथी लिहिली कुणी, असं मुलीनं विचारलं तर आपण 'दासगणूंनी' एवढंच सांगतो. पुढं काही सांगता येत नाही.

लोह्या-कंधारकडच्या बायकांनी तरी एवढ्यावर थांबू नये. कारण दासगणू महाराजांचा जन्म इकडचा नसला, तरी आयुष्याची मोठी वर्षं त्यांनी नांदेड परिसरात काढली आणि त्यांची समाधीही आपल्याच जिल्ह्यात, उमरी तालुक्यातल्या गोरटे गावी आहे. तेव्हा आज त्यांच्या चार लोकप्रिय रचनांची ओळख करून घेऊ या.

पोलिसातला कवी

त्यांचं नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म १८६८ सालचा, नगरजवळच्या अकोळनेरचा. शिक्षण बेताचंच, नोकरी पोलिसातली. पण कविता मात्र हाताशी हजर! तमाशाचा नाद होता आणि फडासाठी ते लावण्याही रचून देत. पुढं ज्या हातानं पोथ्या लिहिल्या, तो हात तिथं घोटला गेला होता, हे विसरू नका. लोकांना काय ऐकावंसं वाटतं, ते हा माणूस लोकांत बसून शिकला.

नानासाहेब चांदोरकरांमुळं ते शिर्डीला साईबाबांकडं गेले. बाबा म्हणत, नोकरी सोड. यांना मात्र फौजदारीची आशा होती. आज सोडतो, उद्या सोडतो करता करता वर्षं गेली. आपणही नाही का, 'एवढं लग्न पार पडलं की', 'एवढं घर बांधून झालं की' असं म्हणत राहतो? शेवटी १९०३ साली त्यांनी नोकरी सोडली आणि ते नांदेडला आले. तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होतं, सरकारी कारभार उर्दूत चाले. अशा मुलखात त्यांनी मराठी कीर्तन गावोगाव नेलं.

ऐकायची रचना : कीर्तनाची आख्यानं आणि पदं

दासगणू मुळात कीर्तनकार. त्यांनी संतांच्या चरित्रांवर कितीतरी आख्यानं रचली. कीर्तनाच्या पूर्वरंगात एखाद्या अभंगाचं निरूपण असतं आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. ही गोष्ट गद्यात, पद्यात, गाऊन सांगायची असते. म्हणून त्यांची पदं नुसती वाचली तर अर्धीच कळतात.

सुरुवातीला ते अंगरखा, उपरणं, फेटा अशा थाटात कीर्तनाला निघत. साईबाबा म्हणाले, 'नवरदेवासारखा कुठं निघालास?' आणि ते सगळं उतरवायला लावलं. तेव्हापासून उघडं अंग, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या, हाच त्यांचा वेष झाला. ठाण्याला त्यांचं असंच एक कीर्तन ऐकून चोळकर नावाच्या गरीब नोकरदारानं नवस केला. तो फेडायला शिर्डीला जाता येईना, तोवर त्यानं चहातली साखर सोडली. या दोन्ही गोष्टी 'साईसच्चरिता'च्या पंधराव्या अध्यायात आहेत. मात्र 'साईसच्चरित' दासगणूंचं नव्हे बरं का, ते गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंतांचं. पुष्कळजणींची इथं गल्लत होते.

शिर्डीच्या आरतीत शिर्डीलाच पंढरपूर मानणारं जे पद म्हणतात, ते मात्र दासगणूंचं.

स्तवनमंजरी

दुसरी रचना 'श्रीसाईनाथ स्तवनमंजरी'. १९१८ सालच्या गणेश चतुर्थीला, नर्मदाकाठच्या महेश्वरला ती लिहून झाली. त्यानंतर सुमारे सव्वा महिन्यानं, दसऱ्याला, साईबाबांनी देह ठेवला. एका बैठकीत वाचून होते, त्यामुळं सकाळच्या घाईत असणाऱ्या सुनांना ही सोयीची. दासगणूंची रचना प्रथमच हाती घेत असाल, तर हिच्यापासूनच आरंभ करा.

मोलकरणीनं सोडवलेलं कोडं

तिसरी रचना कमी वाचली जाते, पण तिची गोष्ट प्रत्येकीला ठाऊक असावी. ईशावास्य उपनिषदावर दासगणू ओवीबद्ध टीका लिहीत होते. अर्थाशी अडले. पंडितांना विचारलं, समाधान होईना. साईबाबा म्हणाले, 'पार्ल्याला काकांची मोलकरीण तुझी शंका फेडील.' लोक हसले. मोलकरीण आणि उपनिषद!

पार्ल्याला काकासाहेब दीक्षितांच्या घरी पहाटे दासगणूंना गाणं ऐकू आलं. भांडी घासणारी लहानशी पोर नारिंगी साडीचं कौतुक गात होती. अंगावर मात्र फाटकी चिंधी. त्यांना दया आली, त्यांनी एका स्नेह्याकडून तिला नवी साडी देवविली. दुसऱ्या दिवशी ती साडी नेसून फुगड्या घालत नाचली. तिसऱ्या दिवशी साडी घरी ठेवून पुन्हा चिंधीतच आली, आणि आनंद तेवढाच! दासगणूंना उलगडा झाला. देव देईल त्यात सुख मानावं, दुसऱ्याच्या धनाची हाव धरू नये, हे उपनिषदाचं सांगणं त्या पोरीनं जगून दाखवलं होतं.

पण भगिनींनो, या गोष्टीचा सोयीचा अर्थ लावू नका. 'मोलकरणीला फाटकंच बरं' असा तिचा अर्थ नाही. दासगणूंना आधी दया आली, आधी साडी दिली गेली, अर्थ नंतर उलगडला. आपल्याकडं भांड्याला येणाऱ्या बाईचं लुगडं आपण कधी नीट पाहिलंय का?

श्रीगजानन विजय

आता सर्वांत लोकप्रिय रचना. संत गजानन महाराज १९१० साली शेगावला समाधिस्थ झाले. त्यानंतर सुमारे एकोणतीस वर्षांनी, १९३९ मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या दासगणूंनी हा २१ अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. शेगावच्या मंडळींनी माहिती दिली, ओव्या यांनी रचल्या.

ओवी म्हणजे काय, हे बायकांना शिकवायला नको. जात्यावर आपल्या आज्या-पणज्यांनी तीच तर गायिली. पोथीतल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकानं बांधलेले असतात, चौथा आखूड आणि मोकळा. त्या आखूड चरणावर क्षणभर थांबलं की अर्थ आपोआप उतरतो. भराभर वाचलं की निसटतो.

दोन अध्याय मुद्दाम सावकाश वाचून बघा. पाचव्या अध्यायात तहानलेल्या महाराजांना भास्कर पाटील पाणी नाकारतो आणि पुढं कोरड्या विहिरीला पाणी येतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागात पाणी नाकारणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सोळाव्यात भाऊ कवर नावाचा तरुण वहिनीकडून भाकरी-कांद्याचा साधा नैवेद्य करवून घेतो. त्याची गाडी चुकते, तो उपाशीच पुढच्या गाडीसाठी बसून राहतो. तिकडं शेगावला महाराजांपुढं पक्वान्नांची ताटं येतात, पण ते हात लावत नाहीत. त्या भाकरीची वाट पाहतात! भाकरी थापणारीच्या हाताचा एवढा मान दुसरीकडं कुठं वाचलाय?

वाचायचं कसं?

रोज एक अध्याय घेतला तर २१ दिवस, रोज तीन घेतले तर आठवडा लागतो. दशमी, एकादशी, द्वादशी असं तीन दिवसांचं पारायणही करतात, तेव्हा रोज सात अध्याय होतात. गुरुपुष्याला एका दिवसात संपवणाऱ्याही आहेत. जमत असेल तर जरूर करा. पण संख्येची चढाओढ नको. 'माझी अकरा झाली, तुझी किती?' हे काही वाचन नव्हे.

आणखी एक. या ग्रंथांत चमत्कार आहेत, नवसही आहेत. 'साईसच्चरिता'त नांदेडच्या रतनजी या पारशी व्यापाऱ्याची गोष्ट येते. अपत्य नव्हतं म्हणून दासगणूंनी त्यांना शिर्डीला जायला सांगितलं. बाबांनी पाच रुपये दक्षिणा मागितली आणि म्हणाले, 'तीन रुपये चौदा आणे पोचलेत, बाकीचे दे.' उलगडा नंतर झाला. नांदेडात हमाली करणाऱ्या मौलीसाहेब नावाच्या मुस्लिम संताच्या पाहुणचाराला रतनजींनी बरोबर तेवढाच खर्च केला होता. बाबांनी त्या सत्काराची पोच दिली. मूल झालं, हे पुढचं. म्हणून मूल नाही म्हणून सुनेला पोथीपुढं बसवून बोल लावू नका. तपासणी दोघांची करायची असते, तीही डॉक्टरांकडं. तापानं फणफणलेल्या लेकरालाही आधी दवाखाना, मग अंगारा.

दासगणू महाराज १९६२ साली पंढरपूरला निवर्तले. लोह्याहून नांदेड, तिथून मुदखेडमार्गे उमरी आणि पुढं जवळच गोरटे, असा एका दिवसाचा प्रवास आहे. सुट्टीत मुलांना घेऊन जाऊन या. त्याआधी एका संध्याकाळी टीव्ही बंद करून सोळावा अध्याय मोठ्यानं वाचा आणि मुलांना विचारा, 'महाराज का जेवले नाहीत?' काय उत्तर येतं, ते ऐका.