घरचा लॅपटॉप, लोकांची अमानत

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑफिस घरात आले आणि बऱ्याच घरांत ते तसेच राहिले. कुणाचा मुलगा विमा कंपनीचे दावे तपासतो, कुणाची सून दवाखान्याची बिले भरते, कुणी आखातातल्या कंपनीचा हिशोब इथूनच लिहितो. हॉलच्या कोपऱ्यातल्या त्या लॅपटॉपमध्ये शेकडो अनोळखी माणसांचे पत्ते, आजार, पगार आणि खाते क्रमांक असतात. ही त्यांची अमानत आहे. ऑफिसात तिच्यावर लक्ष ठेवायला वेगळी माणसे असतात. घरात ते काम सगळ्यांनी मिळून करावे लागते.

घरातले छोटे दुर्लक्ष किती महागात पडते, हे अमेरिकेतील लास्टपास कंपनीला कळले. लोकांचे पासवर्ड सांभाळणे हाच या कंपनीचा व्यवसाय. २०२२ मध्ये चोरांनी तिच्या एका इंजिनिअरचा घरचा कॉम्प्युटर गाठला. कंपनीच्या बंदिस्त माहितीच्या किल्ल्या फक्त चार इंजिनिअरांकडे होत्या, त्यांपैकी हा एक. चोर आत शिरले ते सिनेमे आणि गाणी लावण्याच्या सॉफ्टवेअरमधून. त्यातला दोष बनवणाऱ्यांनी २०२० मध्येच दुरुस्त केला होता, पण या कॉम्प्युटरवर ते अपडेट घेतलेच नव्हते. चोरांनी कीबोर्डवर दाबलेले प्रत्येक अक्षर टिपणारा प्रोग्रॅम बसवला, मुख्य पासवर्ड मिळवला आणि ग्राहकांच्या माहितीची बॅकअप प्रत पळवली.

यातून पहिला धडा असा की कामाचे आणि करमणुकीचे यंत्र एक नसावे. ऑफिसने दिलेला लॅपटॉप मुलांच्या हाती देऊच नका, अगदी शाळेच्या प्रोजेक्टसाठीही नाही. घरात एकच कॉम्प्युटर असेल तर ऑफिसची परवानगी घ्या आणि विंडोजमध्ये प्रत्येकाचे वेगळे खाते उघडा. मुलांचे खाते 'स्टँडर्ड' ठेवा, म्हणजे संपूर्ण कॉम्प्युटरला लागू होणारे सॉफ्टवेअर त्यांना परस्पर बसवता येणार नाही. फुकट मिळणारे 'क्रॅक' केलेले गेम आणि सिनेमे यांच्याबरोबर चोर घरात येतो, हे मुलांना समजावून सांगा.

दुसरा धडा अपडेटचा. 'नंतर आठवण करा' हे बटण रोज दाबू नका. रात्री जेवणाच्या वेळी अपडेट लावून ठेवले तर कामाचा खोळंबा होत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. जुन्या कॉम्प्युटरवर तेच असेल तर पुढे काय करायचे, ते ऑफिसला विचारून ठरवा.

आता वाय-फायकडे पाहू. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक आपण पाहुण्यांना सांगतो तो, आणि दुसरा राउटरच्या सेटिंगचा. दुसरा बहुतेक घरांत जोडणी करणाऱ्याने ठेवला तसाच असतो. दोन्ही बदला. ईदला घर भरते, तेव्हा प्रत्येकाला नाही म्हणणे बरे दिसत नाही. म्हणून राउटरमध्ये सोय असेल तर पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क चालू करा.

नमाजला उठा, दार उघडायला उठा, कुकर बंद करायला उठा, पण उठताना विंडोजचे बटण आणि 'एल' एकत्र दाबा. स्क्रीन लगेच लॉक होते. ऑफिसची फाइल सोयीसाठी स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका. छापलेले कागद रद्दीत न टाकता फाडून टाका. कामाच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे नुसता पासवर्ड चोरून काही साधणार नाही.

तरीही चोर फोन करून दार उघडायला लावतो. "कंपनीच्या आयटी विभागातून बोलतोय, ॲनीडेस्क टाका, आलेला ओटीपी सांगा." असा फोन आला की बंद करा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर ऑफिसला फोन लावून खात्री करा. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, हे अम्मी-अब्बूंनाही सांगून ठेवा, कारण फोन कधी कधी त्यांच्या हातात असतो.

एवढे करूनही काही विचित्र दिसले, तर लॅपटॉपचे इंटरनेट तोडा आणि लगेच ऑफिसला कळवा. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार कंपनीला अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती जपण्यात कसूर करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे आपण घाबरून एक रात्र गप्प बसलो, तर ती रात्र कंपनीला आणि त्या अनोळखी माणसांना भारी पडते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करा.

मुलांच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवा. भलत्या लिंकवर बोट पडले म्हणून मार मिळेल, अशी भीती असलेले मूल गप्प राहते आणि चोराला आणखी वेळ मिळतो. "काही झाले तरी आधी मला येऊन सांग, रागावणार नाही," हे मुलांना आजच सांगा आणि वेळ आली की तो शब्द पाळा.