२९ कोटी वर्षांनी पुन्हा चालला!

दोस्तांनो, धाराशिवची लेणी पाहिलीत ना? ती ज्या काळ्या खडकात कोरलीत, तो खडक म्हणजे गार झालेला लाव्हा. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं!

म्हातारा वाटला? थांबा! आज ज्याची गंमत सांगणार आहे, तो प्राणी या खडकाच्या चौपटीहून जुना आहे. नाव ओरोबेटस. चार पाय, एक शेपूट, लांबी जवळजवळ मीटरभर. सापडला जर्मनीत, २९ कोटी वर्षं जुन्या दगडात.

आणि सोबत काय मिळालं, ओळखा पाहू! त्याच्या पावलांचे ठसे! ओल्या चिखलात पाय उमटले आणि पुढे त्या चिखलाचाच दगड झाला.

पण तो चालायचा कसा? विचारणार कोणाला!

जर्मनीतले जॉन न्याकातुरा हाडांचे जाणकार. स्वित्झर्लंडमधले ऑके आइस्पेर्ट रोबोट बनवण्यात पटाईत. दोघांच्या चमूंनी युक्ती काढली. आधी सांगाड्याचं सीटी स्कॅन. दगड न फोडता आतली हाडं दिसली! मग कॉम्प्युटरमध्ये ती हाडं जुळवून सांगाड्याला चालवलं. पोट खाली ठेवून, पोट उचलून, कंबर कमी वळवून, जास्त वळवून. हाडावर हाड आपटलं? चाल बाद! पाऊल ठशावर बसेना? बाद!

उरलेल्या चाली तपासायला खराखुरा रोबोट बनवला, ओरोबॉट! कारण खऱ्या जमिनीवर तोल जातो, ताकद लागते. कोणत्या चालीला किती ताकद लागते, ते मोजलं.

उत्तर हवंय? मग जोर काढायला बसतो तसे वाका. कोपरं बाहेर, पोट जमिनीलगत. आता चाला! दमलात ना? हात जरा सरळ करा, अंग उचला. सोपं झालं की नाही?

ओरोबेटससुद्धा बहुधा असाच अंग उचलून चालायचा! अशी ऐटदार चाल बरीच नंतर आली, असं तोवर वाटायचं. त्यामुळे २०१९ साली ‘नेचर’ साप्ताहिकात हे छापून आलं, तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञही चकित झाले. आणि हा ओरोबेटस कोणाचा नातेवाईक, माहितीये? सरडा, चिमणी आणि तुम्ही, या सगळ्यांच्या पूर्वजांचा!

यंदा पावसाळ्यात बांधावरच्या चिखलात घोरपडीचे ठसे दिसले, तर पट्टी घेऊन दोन पावलांतलं अंतर मोजा. घोरपडीला मात्र हात लावू नका हं. तिला पकडणं हा कायद्याने गुन्हा आहे!