धम्मसहलीसाठी टॉवेल : निवड आणि निगा

बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी या पवित्र स्थळांच्या दर्शनासाठी आपले पुष्कळ सभासद रेल्वेऐवजी भाड्याची ट्रॅव्हलर किंवा जीप करून जातात. तंबू, शेगडी, पाण्याचे कॅन सोबत असतात आणि वाटेत सोयीची जागा पाहून मुक्काम होतो. सामानाची यादी करताना औषधे, अंथरूण, शिधा यांचा बारकाईने विचार होतो. टॉवेलचा मात्र कोणी करीत नाही. घरात हाताला लागेल तो पिशवीत जातो. तिसऱ्या दिवशी गाडीत जो कुबट वास सुटतो, तो बहुधा त्याचाच असतो.

घरातला जाड टॉवेल 30 इंच रुंद व 60 इंच लांब असला तर त्याचे वजन अर्धा किलोच्या आसपास भरते. बारा माणसांचे सहा किलो झाले, तेही कोरडे असताना. त्याच्या अंगावर सुताचे दाट फासे असतात, आणि कापसाचा तंतू स्वतःच पाणी पितो. म्हणून कितीही पिळला तरी आत ओल राहतेच. आपल्या सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघतात. त्या दिवसांत उत्तर प्रदेश व बिहारमध्ये दाट धुके असते. कधी कधी ऊन दुपारपर्यंत दिसत नाही. राजगीरच्या गरम पाण्याच्या कुंडात सकाळी स्नान करून लगेच गाडी हलवायची, तर ओला टॉवेल वाळवायचा कोठे?

बाजारात मायक्रोफायबरचे टॉवेल मिळतात. ते पॉलिएस्टर व नायलॉनच्या अतिसूक्ष्म तंतूंचे असतात. येथे पाणी तंतूच्या आत फारसे शिरत नाही, तंतूंच्या मधल्या फटींत अडकते. त्यामुळे घट्ट पिळताच बरेचसे निघून जाते आणि उरलेले लवकर वाळते. मध्यम आकाराचा टॉवेल दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो, घडी केली की हातरुमालाच्या गठ्ठ्याएवढा. पण काहींना त्याचा स्पर्श आवडत नाही, तो अंगाला चिकटतो. त्याला गरम इस्त्री चालत नाही आणि कपडे मऊ करणारे द्रावण घातले तर त्याची शोषणशक्ती कमी होते. घेताना दुकानातच दोन थेंब पाणी टाकून पाहावे. थेंब वर तरंगत राहिला तर तो टॉवेल घेऊ नये.

लहान लहान चौकोनी खणांच्या विणीचा सुती टॉवेलही चांगला. परंतु आमची पसंती आपल्या जुन्या पंचालाच आहे. पातळ, स्वस्त, वाऱ्यावर चटकन वाळणारा. उन्हात डोक्याला बांधता येतो. प्रत्येकाने दोन घ्यावेत, एक वापरात व एक वाळत. नवा असल्यास निघण्यापूर्वी एकदोनदा धुवावा, कारण खळ असलेले कापड पाणी शोषत नाही. शिवाय पंचा उकळत्या पाण्यात टाकता येतो, आणि ही गोष्ट लहान नाही.

गेल्या दशकभरात आपल्या देशात गजकर्ण फार चिवट झाले आहे. दुकानातून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे लावल्याने ते तात्पुरते दबते आणि पुन्हा पसरते. एकमेकांचे टॉवेल व कपडे वापरल्याने ते एकाकडून दुसऱ्याकडे जाते. डोळे आल्यावरही तोच धोका असतो. सहलीत एखादा विद्यार्थी मित्राला टॉवेल नाकारायला कचरतो. आपल्या समाजाने पाणवठ्यावरची आणि कपबशीतली शिवाशिव भोगली आहे. त्यामुळे ‘माझा वापरू नकोस’ हे शब्द आपल्याला बोचतात. परंतु शिवाशिव माणसाच्या जन्मावर बोट ठेवते; येथे प्रश्न फक्त ओल्या कापडाचा आहे. ताट एक असू द्या, टॉवेल वेगळा ठेवा. वडीलधाऱ्यांनी हे निघतानाच सर्वांना सांगितले, तर कोणा एकाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

अंग पुसण्याच्या कापडाचा विचार क्षुल्लक वाटत असल्यास महावग्ग पाहावा. विशाखा मिगारमातेने भगवंतांना तोंड पुसण्याचे वस्त्र अर्पण केले. भगवंतांनी ते स्वीकारले आणि भिक्खूंना तसे वस्त्र ठेवण्याची अनुज्ञा दिली. भिक्खुणींसाठी स्नानवस्त्रे देण्याची परवानगीही याच उपासिकेने मागून घेतली होती.

राहिला वाळवण्याचा प्रश्न. चालत्या गाडीच्या टपावर टॉवेल बांधू नये, धूळ व धूर बसतो. गाडीच्या आत टांगल्यास काचांवर दव धरते. शेगडीजवळ तर मुळीच नको. मायक्रोफायबर आचेने वितळतो. दुपारच्या जेवणाच्या थांब्यावर दोन झाडांना दोरी बांधून तासभर उन्हात टाकावेत. यासाठी वीस हात नायलॉनची दोरी व डझन-दोन डझन चिमटे सामानात असावेत. सगळे पंचे सारखेच दिसतात, तेव्हा प्रत्येकाच्या कोपऱ्यावर रंगीत दोऱ्याने नावाचे पहिले अक्षर घरूनच काढून आणावे.