तिशीच्या आतल्या मुली

मधुमेहाची सरकारी सरसकट तपासणी सुरू होते ती वयाच्या ३० व्या वर्षापासून. गोंदियाच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत असलेल्या दरेकसामधल्या एखाद्या १९ वर्षांच्या मुलीची पाळी तीन-तीन महिने येत नसेल, तरी या तपासणीत तिला जागा नाही. पाळी अशी लांबवणाऱ्या पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) या विकाराबद्दल ९० वर्षांची माहिती हाताशी असताना हे चाललं आहे, याचा संताप येतो.

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांचं वर्णन केलं. पुढची ४५ वर्षं वैद्यकाची नजर बीजांडकोशावरून फारशी हललीच नाही. १९८० मध्ये या स्त्रियांच्या रक्तातल्या जादा इन्सुलिनकडे लक्ष गेलं, आणि मग साखळी उलगडत गेली. मधुमेहाच्या वाटेवर होतं तसंच, शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते आणखी सोडतं. त्या जोरावर बीजांडकोश जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतो. इकडे यकृत त्याला बांधून ठेवणारं प्रथिन कमी करतं. बीज पिकत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात.

खरी गफलत झाली ती २००३ नंतरच्या दशकात. त्या वर्षी रॉटरडॅममध्ये तीनपैकी दोन लक्षणांचा निकष ठरला आणि त्यात सोनोग्राफी आली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींच्या हाती ‘दोन्हीकडे गाठी’ असे रिपोर्ट पडू लागले. त्या गाठी नव्हत्याच. अर्धवट वाढून थांबलेली बीजपुटकं होती, आणि त्या वयात ती निरोगी मुलींतही दिसतात. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. रॉटरडॅमच्या निकषाने पीसीओएसचं प्रमाण २२.५ टक्के, दुसऱ्या कडक निकषाने १०.७. घरोघरी भीती पसरली, उपाय मात्र एकच: ‘लग्न झालं की होईल सुरळीत.’ आई लेकीची काळवंडलेली मान बेसन-लिंबाने घासत राहिली. तो मळ नव्हता. जादा इन्सुलिनने जाड झालेली, हाताला मखमली लागणारी ती त्वचा होती.

‘पोरगी तर काटकुळी आहे, हिला कसली साखर?’ याचं उत्तरही त्याच दशकात पुण्याने दिलं होतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिनच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली दोघांचं छायाचित्रही छापून आलं. तरीही ‘वजन कमी कर’ या सल्ल्यापलीकडे कितीतरी दवाखाने गेले नाहीत.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने किशोरवयीन मुलींचं निदान सोनोग्राफीवरून करू नका असं बजावलं. निदान होताच साखर तपासा, मग वय आणि वजन काहीही असो, हेही सांगितलं. लोहाच्या गोळ्या, सिकलसेलची तपासणी यांसाठी आरोग्य कर्मचारी गोंदियाच्या खेड्यापाड्यांतल्या मुलींपर्यंत पोचतातच. त्याच भेटीत आशाताईंनी मागच्या पाळीची तारीख विचारावी, मान पाहावी, कंबर मोजावी. शंका आली तर ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासण्याची सोय तालुक्यातच असावी.