‘परवाना मिळाला नाही’ : सर्व्हर बंद पडल्यानंतर काय तपासावे

पेडण्यातील आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाच संगणक आहेत. शाळांचे वार्षिकांक, भजनी मंडळांच्या पुस्तिका, जत्रेतल्या नाटकांच्या संहिता यांची अक्षरजुळणी तिथे होते. मी मराठीचा शिक्षक. संगणकशास्त्र शिकलेलो नाही. पण मुद्रिते तपासायला त्या खोलीत रोज बसतो, त्यामुळे यंत्र अडले की माझ्याकडेच पाहिले जाते.

मिरगाच्या पहिल्या मोठ्या पावसात एका रात्री वीज चारपाच वेळा गेली आणि आली. यूपीएसची बॅटरी बदलायचे आम्ही दोन वर्षे पुढे ढकलत होतो, हा दोष आमचाच. सकाळी संगणक सुरू झाले, पण अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम उघडताच प्रत्येक पडद्यावर एकच ओळ : ‘परवाना मिळाला नाही’. आत अडकली होती धालोच्या गीतांची चौऱ्याऐंशी पाने. विद्यार्थिनींनी आपापल्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायांकडून ती लिहून घेतली होती. मूळ वह्यांना वाळवी लागलेली. गाणाऱ्यांपैकी दोघी आता नाहीत. छापखान्याला पाने द्यायला नऊ दिवस उरले होते.

म्हापशाहून आलेल्या तंत्रज्ञाने पाच मिनिटांत निदान केले : “सर, फॉरमॅट मारूया, सगळे नवीन घालूया.” मी त्याला चहा दिला आणि थांबवले. तेव्हा थांबवले नसते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती, आणि गीतेही छापली गेली नसती.

मुळात हा परवाना म्हणजे काय, ते वाचनालयाच्या भाषेत सांगतो. एका पुस्तकाच्या पाच प्रती आहेत. त्या टेबलावर पडलेल्या नसतात, ग्रंथपालाच्या ताब्यात असतात. वाचक येतो, मागतो, ग्रंथपाल वहीत नोंद करून प्रत देतो. परत आली की नोंद खोडतो. सर्व्हरवर सतत चालणारा परवाना-प्रोग्रॅम हा असा ग्रंथपाल. तुमच्या संगणकावरचा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम उघडताना त्याला विचारतो, होकार आला तरच पुढे जातो. काही ठिकाणी ग्रंथपालाजवळ यूएसबीला लावायची एक किल्लीही असते. तिला डोंगल म्हणतात. आमच्याकडे ती होती.

आता हा ग्रंथपाल अचानक कोसळला तर? प्रती कपाटात सुखरूप असतात, पण देणारा कोणी नसतो. किंवा देणारा परत येतो, पण त्याच्या वहीत पाचही प्रती बाहेर गेल्याची नोंद तशीच राहिलेली असते. किंवा तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो आणि वाचक जुन्याच खोलीचे दार ठोठावत राहतात. पडद्यावर मात्र या सगळ्यांचा निरोप जवळपास एकच दिसतो. म्हणून त्या एका ओळीवर विसंबून नवा परवाना विकत घेणे किंवा सगळे पुसून टाकणे, दोन्ही घाईचे. पुसून टाकण्यात तर जास्त धोका आहे : बरेच परवाने त्या विशिष्ट यंत्राच्या ओळखीला बांधलेले असतात, आणि पुसताना कधीकधी ती नोंदही जाते. मग खरोखरच नवा परवाना मागावा लागतो.

मी पहिल्यांदा किल्ली पाहिली. तिचा दिवा लागलेला होता. मग सर्व्हरच्या पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहिले, आणि तिथे साल २०१२ होते!

संगणकाच्या मुख्य पाटीवर नाण्यासारखा एक सेल असतो, बहुधा सीआर २०३२ जातीचा. वीज नसताना दिनांक आणि वेळ तो जपतो. सेल मेलेला असेल तर एरवी कळत नाही, कारण भिंतीतून वीज येत असते. पूर्ण वीज गेली की घड्याळ पाटी बनली त्या काळात जाऊन पोहोचते. परवान्याला आरंभाचा दिनांक असतो, बऱ्याचदा अंताचाही. शिवाय मुदत संपल्यावर कोणी घड्याळ मागे नेऊन फसवू नये म्हणून काही प्रोग्रॅम शेवटचा दिनांक लक्षात ठेवतात, आणि घड्याळ मागे गेलेले दिसले की दार लावून घेतात. आमचा सर्व्हर बिचारा २०१२ मध्ये बसून पुढच्या काळातला परवाना तपासत होता. बाजारातल्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, बसवला, दिनांक दुरुस्त केला आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. काही पद्धतींत एवढ्यावर भागत नाही, विक्रेत्याकडून कुलूप काढून घ्यावे लागते. आमचे भागले.

तरी काम अर्धेच झाले होते. सर्व्हरवर प्रोग्रॅम उघडला. उरलेल्या चार संगणकांवर तीच ओळ. एक यंत्र चालते आणि बाकीची नाहीत, याचा अर्थ परवाना शाबूत आहे आणि दोष वाटेत आहे. इथे नोंदवही उपयोगी पडली. परवाना-प्रोग्रॅम आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतो. ती शेवटून वर वाचत जावी, ‘सुरू झाले’ अशी शेवटची ओळ सापडली की तिथून खाली पहिली तक्रार शोधावी. पहिलीच, नंतरच्या बहुतेक तक्रारी तिच्या पोटी जन्मलेल्या असतात. आमच्या नोंदवहीत तक्रारच नव्हती. म्हणजे चार संगणकांची मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचतच नव्हती.

कारण साधे निघाले. वीज आल्यावर राउटरने सर्व यंत्रांना नवे पत्ते वाटले आणि सर्व्हरचा शेवटचा आकडा १० होता तो १४ झाला. चौघे जुन्या पत्त्यावर विचारत होते. सर्व्हरला राउटरमध्ये कायमचा पत्ता नेमून दिला, तीन संगणक चालू झाले. चौथ्यावर फायरवॉल आडवी आली होती. पोर्ट म्हणजे संगणकाच्या दाराचा क्रमांक. तो बंद असेल तर पत्ता बरोबर असूनही संवाद होत नाही. सेंटिनेल या किल्लीपद्धतीचा ठरलेला क्रमांक १९४७ आहे, फ्लेक्स-एलएम या पद्धतीचा साधारणपणे २७००० ते २७००९. (१९४७ लक्षात ठेवायला सोपा; आम्हा गोंयकारांना १९६१ अधिक सोपा झाला असता.)

आमच्या वाट्याला न आलेली, पण सर्रास आढळणारी आणखी काही कारणे आहेत. कोसळलेल्या प्रोग्रॅमचा एखादा तुकडा मागे जिवंत राहतो आणि दार अडवून बसतो. नवा सुरू होऊ शकत नाही. तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये जाऊन जुना बंद करावा, मग सेवा सुरू करावी. ‘सर्व परवाने वापरात आहेत’ असे दिसत असेल आणि खोलीत कोणीच नसेल, तर वहीतल्या जुन्या नोंदी राहिल्या आहेत. सेवा पुन्हा सुरू केली की बहुधा सुटतात. परवान्याची फाइल उघडून पाहताना नोटपॅडमध्ये ‘सेव्ह’ केली आणि नावापुढे गुपचूप ‘टीएक्सटी’ चिकटले, हाही नेहमीचा अपघात. त्या फाइलीतले अक्षरही बदलू नये. तिच्यातली सही मजकुरावरून काढलेली असते. आणि ‘कुलूप तोडलेली’ प्रत आणून देणारा कोणी भेटला तर त्याला नको म्हणावे. ते बेकायदा आहेच, शिवाय अशा प्रतींबरोबर पुष्कळदा विषाणू येतो.

प्रोग्रॅम चालू झाला त्याच संध्याकाळी मी गीतांची फाइल दुसऱ्या एका संगणकावर, त्या प्रोग्रॅमशिवाय, उघडून पाहिली. पडद्यावर रोमन अक्षरे आणि टिंबांचा खच पडला. जुन्या मराठी फाँटांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. म्हणजे गीते आमची, पण ती वाचायची परवानगी एका सेलवर, एका किल्लीवर आणि एका राउटरवर लटकलेली. हे मला परवान्याच्या चुकीपेक्षाही गंभीर वाटले. भारतीय लिप्यांसाठी इस्कीचे मानक १९९१ मध्ये ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तरी आपल्याकडे छपाईची बरीच कामे अजून जुन्या फाँटांत चालतात, कारण सवय आणि हाताशी असलेली जुनी पाने.

म्हणून गीते युनिकोडमध्ये आणायला घेतली. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असतो. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. रूपांतरात या दोघांची अदलाबदल करताना चुका होतात. सर्वांत नाजूक जागा आपल्या मराठीची खास : रफारातला आणि आडव्या चंद्रकोरीसारखा असे ‘र’चे दोन प्रकार. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या. आमच्या रूपांतरकाला चंद्रकोर ठाऊकच नव्हती, त्याने सगळ्यांचा दर्या केला. पेडण्याच्या गीतांत दोन्ही येतात, आणि कुठे कोणता ते यंत्राला सांगता येत नाही. गाणाऱ्या बाईलाच विचारावे लागते.

छापखान्याची पाने जुन्याच फाँटात आठव्या दिवशी गेली. युनिकोडची प्रत मुक्त परवान्याच्या फाँटात ठेवली आहे, तिला सर्व्हर लागत नाही. एक प्रत वाचनालयात, एक शाळेत, एक माझ्या घरी. सर्व्हरच्या पेटीवर कागद चिकटवून सेल बदलल्याचा दिनांक, सर्व्हरचा पत्ता आणि पोर्टचा क्रमांक लिहिला आहे. यूपीएसची बॅटरीही आली. युनिकोड प्रतीचे वाचन एका मावशीसोबत चालू आहे. चौऱ्याऐंशीपैकी एकावन्न पाने झाली, आणि आतापर्यंत अकरा ठिकाणी दर्याच्या दऱ्या कराव्या लागल्या.