निजायच्या खोलीची ऊब

ब्रिटनमधल्या जुन्या घरांत वरच्या मजल्यावरच्या निजायच्या खोलीतही छोटी फायरप्लेस दिसते. ती रोज पेटवण्यासाठी नव्हती. कुणी तापानं फणफणलं, घरात बाळंतीण असली, तरच तिच्यात कोळसा पडायचा. एरवी सगळ्यांनी खाली शेकत बसायचं आणि मग गरम पाण्याची पिशवी घेऊन गारठलेल्या अंथरुणात शिरायचं. थंड हवेत झोपणं प्रकृतीला बरं, अशी समजूतही होती. गेल्या सत्तर वर्षांकडे पाहताना मला एक गोष्ट खुपते : घर गरम करण्याचे मोठे निर्णय बैठकीची खोली समोर ठेवून झाले, आणि निजायच्या खोलीच्या वाट्याला उरलंसुरलं आलं.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुकं साचलं. त्याने हजारो माणसं गेली, आणि १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानं शहरांतल्या कोळशाच्या धुरावर बंधनं आली. त्याच सुमारास भारतातून, कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसं भाड्याच्या एकेका खोलीत राहत होती. स्वयंपाक, अभ्यास, झोप सगळं तिथेच. अनेकांची मदार रॉकेलच्या हीटरवर होती. तो स्वस्त होता, उचलून कुठेही नेता येई. पण एक लिटर रॉकेल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन खोलीत उतरतं. भिंती ओल्या, कपड्यांना वास, आणि कलंडला तर आग. झोपलेल्या माणसाजवळ उघडी ज्योत असूच नये, हे मी ठामपणे म्हणेन.

१९६१ चा पार्कर मॉरिस समितीचा अहवाल घरबांधणीच्या इतिहासात मानानं घेतला जातो, आणि तो मान रास्तच आहे. बाहेर उणे १ अंश सेल्सिअस असताना बैठकीची जागा १८ अंश आणि स्वयंपाकघर व येण्याजाण्याची जागा १३ अंशांपर्यंत तापावी, असं किमान मानक त्यानं सुचवलं. निजायच्या खोल्या त्या किमान मानकात नव्हत्या! पुढच्याच वर्षी, १९६२-६३ मध्ये, विसाव्या शतकातल्या सर्वांत कडक हिवाळ्यांपैकी एक आला.

खरा पालट उत्तर समुद्रातल्या वायूनं घडवला. १९६५ मध्ये साठा सापडला, आणि १९६७ ते १९७७ या काळात घराघरांतली उपकरणं नव्या वायूसाठी बदलली गेली. १९७२ मध्ये सुमारे ३७ टक्के घरांत सेंट्रल हीटिंग होतं. आज ते जवळपास सगळीकडे आहे. बॉयलर एका जागी, गरम पाणी नळ्यांतून प्रत्येक खोलीच्या रेडिएटरमध्ये. ज्योत निजायच्या खोलीबाहेर गेली, हा मला त्यातला सर्वांत मोठा लाभ वाटतो. रेडिएटरवर तापमान ओळखणारी झडप बसवली की तीच खोली बैठकीपेक्षा थोडी गार ठेवता येते.

वायूची नळी न पोचलेल्या घरांत रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापवणारे स्टोरेज हीटर आले. दिवसभर माणसं असलेल्या खोलीला ते ठीक. पण विटा पहाटे सर्वांत गरम आणि रात्री निजायच्या वेळी जवळपास निवलेल्या.

इकडे धुराडी बुजली, खिडक्यांना दुहेरी काचा आल्या आणि फटी बंद झाल्या. दोन माणसांच्या रात्रभराच्या श्वासातली वाफ मग थंड कोपऱ्यात, कपाटामागे साचते. बिल परवडत नाही म्हणून निजायच्या खोलीचा रेडिएटर बंद ठेवला की बुरशी धरलीच. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये २०२० साली एक दोन वर्षांचं मूल गेलं. घरातल्या बुरशीनं ते दगावल्याचं मृत्युचौकशीत स्पष्ट झालं. त्याच्या नावानं कायदा झाला, आणि ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक, म्हणजे सवलतीच्या भाड्याच्या, घरांच्या मालकांना अशा तक्रारींची ठरावीक मुदतीत तड लावावी लागते. इतका उशीर का व्हावा?

आता वायूच्या बॉयलरऐवजी विजेवर चालणाऱ्या हीट पंपांसाठी सरकारी अनुदान मिळतं. त्यांचं पाणी बॉयलरपेक्षा कमी तापतं, म्हणून रेडिएटर मोठे लागतात आणि मंद ऊब तासन् तास चालू ठेवावी लागते. निजायच्या खोलीला नेमकी हीच ऊब मानवते. मात्र खोलीच्या मापाचा हिशेब आधी करायचा, छत व भिंतींतून जाणारी उष्णता अडवायची आणि हवा खेळती राहण्यासाठी खिडकीच्या वरची झडप उघडी ठेवायची. आधी पंप आणि मग बाकीचं, असा क्रम लावला तर वरच्या खोल्या पुन्हा गारच राहतील.